खडूच्या डब्यातली चिठ्ठी

चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत मी संगणक शिकवते. गेल्या पावसाळ्यात नववी-दहावीच्या मुलांसाठी मोबाईल सुरक्षेचा तास ठरला. पासवर्ड, ओटीपी, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, सगळं पडद्यावर दाखवायची तयारी करून गेले. दहाव्या मिनिटाला मागचे बाक खिडकीबाहेर बघायला लागले. मग प्रोजेक्टर बंद केला आणि खडूचा रिकामा डबा फिरवला. फोनवर कशाची भीती वाटते ते लिहा, नाव नको.

‘पैसे यायला पिन टाकावा लागतो का?’ नाही, पिन लागतो तो पैसे पाठवायला, घ्यायला नाही. ‘माझा फोटो लावून कुणीतरी खोटं अकाउंट काढलंय.’ एकेक वाचत, उत्तर देत गेले. तळाशी चार घड्या घातलेली एक चिठ्ठी होती, अहिराणीत: ‘तो पैसा मांगी ऱ्हायना. बापले समजनं ते मारी टाकी.’

ती मोठ्याने वाचली नाही. वह्या काढून अक्षर जुळवता आलं असतं, तेही केलं नाही. ज्याने एवढं धाडस करून लिहिलं, त्याला शोधून काढणं मला पाप वाटलं. वर्गाला एवढंच सांगितलं, “व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून धमकावणाऱ्यांचा तो धंदाच असतो. चूक त्यांची, तुमची नाही. मी उशिरापर्यंत लॅबमध्ये आहे.”

गावाची एसटी सोडून तो आला. दहावीतला, वर्गात कधी तोंड न उघडणारा. मुलीच्या नावाने ओळख, चार दिवस गोड गप्पा, मग रात्री एक व्हिडिओ कॉल. दुसऱ्या सकाळी क्लिप आणि त्याच्या नातेवाइकांच्या अकाउंटची यादी. वडिलांच्या फोनवरून त्याने १,५०० रुपये पाठवले होते. आता ५,००० मागत होते. एकदा पैसे दिले की मागणी वाढतेच, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

“तुनी चूक नही,” मी म्हटलं. तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

घाबरून तो सगळं चॅट पुसायला निघाला होता. ते थांबवलं, तोच पुरावा. धमक्या, प्रोफाइल, यूपीआय आयडी, व्यवहाराचा क्रमांक, सगळ्याचे स्क्रीनशॉट घेतले आणि मगच ब्लॉक केलं. १८ वर्षांखालच्यांचे नग्न फोटो-व्हिडिओ ऑनलाइन पसरू नयेत म्हणून ‘टेक इट डाउन’ ही मोफत सोय आहे. तिच्यात क्लिप फोनबाहेर जात नाही, फक्त तिचा डिजिटल ठसा जातो, आणि सहभागी कंपन्या त्यावरून ती आपल्या साइटवर शोधून काढतात. त्याचा फॉर्म त्यानेच भरला, मी त्याच्याकडे पाठ करून बसले.

मुख्याध्यापक म्हणाले, शाळेचं नाव येईल, जरा थांबू. मी थांबले नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं हे आमचं कर्तव्यच आहे, आणि मुलाची ओळख गुप्त ठेवायलाही कायदा सांगतो. हे ऐकल्यावर त्यांनीच पोलीस ठाण्यात फोन लावला.

पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, तर खातं वडिलांचं. त्यांना बोलवावंच लागलं. मुलगा बाकाखाली बोटं मोडत होता. ते केळीची गाडी भरून थेट आले, शर्टावर चिकाचे काळे डाग. मी आधी त्यांना एकट्यालाच बाहेर नेऊन सांगितलं. ऐकून मुलाला बोलायचं की नाही ते नंतर ठरवा, म्हटलं. ते बराच वेळ व्हरांड्याच्या खांबाला हात लावून उभे राहिले. मग आत येऊन मुलाकडे न बघता त्यांनी फोन माझ्यापुढे ठेवला.

१९३० वर तक्रार नोंदवली. पैसे मिळतील की नाही याचं वचन मी दिलं नाही. बाहेर अंधारलं होतं. वडिलांनी मोटारसायकल वळवली आणि मागची सीट हाताने पुसली.

“बस. जेवाले चाल. तुनी माय वाट देखी ऱ्हायनी.”