हजार रुपयांचा हिवाळा

पहाटे बंब पेटवायचा म्हणजे लाकडं आली. गॅसवर पाणी तापवलं की सिलिंडर आठवडाभर आधीच संपतो, म्हणून सौ. ओरडते. सोलापुरात थंडी कसली, असं पुण्याची मुलं म्हणतात. एकदा डिसेंबरात पहाटे पाचला आमच्या पत्र्याच्या खोलीत झोपून बघा म्हणावं!

मी गिरणीत बत्तीस वर्षं मागावर काढली. पेन्शन ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या पेन्शन योजनेची, महिन्याला १,००० रुपये. ही किमान रक्कम २०१४ साली ठरली, ती तिथंच आहे. गुडघ्याचं तेल, बीपीच्या गोळ्या आणि बंबाची लाकडं धरली की संपली. शेजारच्या आजींना सरकारच्या गरीब वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० येतात. त्यांना मिळतात याचं वाईट नाही, पण माझ्या नावानं तर गिरणी पीएफच्या हिश्श्यातून दरमहा पैसे भरत होती की!

त्यात पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी द्यायचा हयातीचा दाखला. सूत ओढून ओढून बोटांचे ठसे झिजलेले, मशीन काही केल्या घेईना. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, परत या." तीन खेपा झाल्या. शेवटी नातीनं मोबाइलवर चेहरा दाखवून दोन मिनिटांत काम केलं. ईपीएसवाल्यांचा दाखला भरल्या तारखेपासून वर्षभर चालतो, त्यामुळं नोव्हेंबरच्या गर्दीत उभं राहायची गरजच नव्हती. हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

चादर मात्र जुनीच, घरच्या मागावरची. वीस वर्षं झाली, अजून ऊब देते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत नातीला पाळण्यात बसवायचंय, त्याचे पैसे डब्यात बाजूला ठेवलेत.