आमची वाटचाल : छप्पन्न दिवस आणि आठ इंच माती

जुन्नर तालुक्यात श्वानपालनाचा व्यवसाय करायचा म्हणजे पहिला मोठा खर्च कुत्र्यांवर नव्हे, तर जाळीवर होतो, आणि तोही डोक्यावरच्या जाळीवर. उसात मुक्काम असलेल्या बिबट्याला सहा फुटांचे कुंपण म्हणजे उंबरठा. २००५ साली नारायणगावच्या अलीकडे, कालव्याखालच्या आमच्या वडिलोपार्जित दीड एकरात आम्ही जर्मन शेफर्डच्या दोन माद्या आणि एक नर आणला, तेव्हा वडील म्हणाले होते, "लोक शेळ्या पाळतात, तू बिबट्याचा डबा पाळायला निघालास." द्राक्षबागेच्या मांडवासाठी आणून ठेवलेले अँगल आणि तारा वापरून आम्ही खोल्यांवर छत बांधले, आणि आजतागायत आमचे एकही कुत्रे बिबट्याने नेलेले नाही. नेली ती दुसऱ्याच कशाने, आणि ती हकिगत सांगण्यासाठीच हे लिहीत आहे.

या धंद्यात मला उभे केले ते हवालदारमामांनी. ते नात्याने मामा नव्हते. लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये श्वानांचे हँडलर म्हणून नोकरी करून ते गावी परतले होते, मेरठच्या केंद्रातली शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली होती, आणि निवृत्तीनंतर एका कारखान्याच्या फाटकावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहून घेत होते. मी त्यांना नफ्यात चार आण्यांची भागी देऊ केली. पहिली तीन वर्षे नफाच नव्हता, त्यामुळे चार आणे कशाचे, असा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नाही.

आमची बहुतेक हत्यारे मामांनी गावातच घडवली. मादी विण्यासाठी लागणारी पेटी चार बाय पाच फुटांच्या प्लायवुडची. तिच्या आत चारही बाजूंनी, तळापासून चार इंच वर आणि भिंतीपासून चार इंच आत, पीव्हीसी पाइपाचा कठडा बसवलेला. मादी थकून कुशीवर वळली की भिंतीकडचे पिल्लू चिरडते. कठडा असला की ते खालच्या फटीत सुरक्षित राहते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही, म्हणून पेटीत ३० अंशांच्या आसपास तापमान लागते. भारनियमनाच्या दिवसांत बल्ब गेला की आम्ही गरम पाण्याच्या बाटल्या जुन्या धोतरात गुंडाळून पेटीत ठेवत असू आणि दर दोन तासांनी त्या बदलण्यासाठी उठत असू. वजनासाठी किराणा दुकानातला तराजू, आणि पिल्ले ओळखण्यासाठी गळ्यात वेगवेगळ्या रंगांचे लोकरीचे धागे. वजनाची वही पहिल्या दिवसापासून माझी पत्नी ठेवते. जन्माच्या वेळचे वजन आठ-दहा दिवसांत दुप्पट व्हायला हवे, आणि एखाद्या धाग्यापुढचा आकडा दोन दिवस जागचा हलला नाही की तिच्या कपाळावर आठी येते; डॉक्टरांच्या आधी ती आठी आम्हाला बातमी देते.

लांब दोरीसाठी लोक आता ऑनलाइन नायलॉनचे पट्टे मागवतात. मामांनी बैलाचा सुती कासरा घेतला, त्याला पितळी हूक लावला, आणि तोच कासरा आम्ही अजून वापरतो, कारण पळत्या कुत्र्यामागे हातातून सुटणारे नायलॉन तळहात सोलून काढते आणि सुती कासरा फक्त चटका देतो. चावण्याच्या सरावाची बाही त्यांनी कांद्याच्या बारदानाच्या चार थरांची शिवून घेतली होती; तिच्यात आत टायरची ट्यूब होती, आणि तिला येणारा कांद्याचा वास कधीच गेला नाही. आमच्याकडे तयार झालेली पहिली तीन वेते कांद्याच्या गोणीकडे जरा जास्तच आस्थेने पाहत, हे मी कबूल करतो.

पाचव्या आठवड्यात मामा काठीच्या टोकाला गोणपाटाची चिंधी बांधत आणि ती सशासारखी जमिनीवरून पळवत. पिल्लू झेपावले की पाहायचे ते एवढेच, की त्याने चिंधी पुढच्या दातांनी चिमटीत धरली आहे की दाढांपर्यंत तोंड भरून. चिमटीत धरली असेल तर मामा ती अलगद निसटू देत. तोंड भरून धरली की त्याच क्षणी काठी सैल सोडत, आणि पिल्लू आपली शिकार मिरवत अंगणाला फेरी मारी. दोन मिनिटांत खेळ बंद, पिल्लाला आणखी हवा असतानाच. ज्यांच्या घरी चार महिन्यांचे पिल्लू आहे त्यांना जाता जाता सांगतो, दुधाचे दात पडू लागले की ही ओढाओढ थांबवावी. दुखऱ्या हिरडीची आठवण कुत्रे आयुष्यभर बाहीपाशी घेऊन येते.

याच काळात पिल्लांना पत्र्यावर, खडीवर, ओल्या गवतावर चालवायचे, पातेली पाडायची, ट्रॅक्टर जवळ सुरू करायचा, अनोळखी माणसांच्या मांडीवर बसवायचे. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत जे दिसले-ऐकले त्याची कुत्र्याला पुढे भीती वाटत नाही, आणि जे राहून गेले ते नंतर दामदुप्पट कष्टांनी शिकवावे लागते. शिवाय किती जोराने चावले की समोरचा कळवळतो, हे पिल्लू भावंडांकडूनच शिकते. म्हणून मामांचा दंडक असा, की छप्पन्न दिवस पुरे झाल्याशिवाय पिल्लू फाटकाबाहेर जाणार नाही, मग दारात कोणाचीही गाडी उभी असो.

या दंडकावरूनच आमच्यातला एक जण फुटला. तीन वर्षे आमच्या हाताखाली तयार झालेला तो तरुण हुशार होता, हे मी आजही नाकारत नाही. नाव लिहीत नाही. तालुक्यातील श्वानप्रेमींना ते सांगण्याची गरज नाही आणि बाहेरच्यांना त्याचा उपयोग नाही. तो म्हणे, "दादा, पस्तिसाव्या दिवशी पिल्लू सगळ्यात गोंडस दिसतं. पुढच्या तीन आठवड्यांचं खाणं, जंताचं औषध, लस, सगळं तुम्ही का भरता? गिऱ्हाईक भरेल की." मामांनी त्याला उत्तर दिले नाही. एका दिवाळीनंतर तो आला नाही, आणि त्याच्याबरोबर आमच्या ग्राहकांच्या पत्त्यांची वही गेली. संक्रांतीला पुणे-नाशिक रस्त्याला त्याच्या केनेलचा फलक लागला, ज्यावर आमच्याच नराचे छायाचित्र होते. फलकाचे अक्षर सुंदर होते, तेही नाकारत नाही.

२०१२ च्या पावसाळ्यात आमच्याकडे एकाच वेळी तीन वेते होती, मिळून एकवीस पिल्ले. पुण्यातील एका सोसायटीने हरकत घेतल्यामुळे तिथे दिलेले आमचे एक पिल्लू अकराव्या आठवड्यात परत आले. मामा म्हणाले, "चौदा दिवस त्याला वरच्या गोठ्यात ठेव, आणि त्याला हात लावलेला माणूस इकडे यायला नको." वरचा गोठा गळत होता, पिल्लू टुणटुणीत दिसत होते, आणि मी त्याला विणीच्या खोलीशेजारच्या खोलीत ठेवले. पुढे जे घडले त्यात प्रतिस्पर्ध्याचा दोष शून्य आणि माझा शंभर टक्के आहे, हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे मग त्याच्याविषयी मोकळेपणाने लिहिता येईल.

चौथ्या दिवशी परत आलेल्या पिल्लाने दूध-भाकरीला तोंड लावले नाही, दुपारी फेसाची उलटी केली, आणि संध्याकाळी त्या खोलीत असा वास सुटला जो या धंद्यातला माणूस एकदा घेतला की विसरत नाही. पार्वो, म्हणजे उलट्या-जुलाबांनी पिल्ले मारणारा विषाणूचा साथरोग. आठवड्याच्या आत तो तिन्ही पेट्यांत होता. पंचेचाळीस दिवसांच्या पिल्लांना पहिली लस दिलेली होती, पण आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती काही दिवस अशा टप्प्यात असते की ती लसीला लागू पडू देत नाही आणि रोगालाही अडवू शकत नाही. आमची बहुतेक पिल्ले नेमकी त्याच फटीत होती. मी सकाळ-संध्याकाळ फिनेलने फरशी पुसत होतो आणि फिनेलच्या वासावर विश्वास ठेवत होतो. पार्वोच्या विषाणूला फिनेलने काही होत नाही. एका पेटीतून दुसरीत तो नेला तो माझ्या चपलांनी.

तालुक्याच्या डॉक्टरांनी दहा रात्री आमच्या ओसरीत काढल्या. तेवढ्याशा पायातली शीर सापडेपर्यंत मामा पंजा दोन्ही तळव्यांत धरून ऊब देत, आणि सलाईन सुरू झाले की बाटलीकडे न पाहता पिल्लाच्या पोटाकडे पाहत बसत. पत्नीने वही बंद केली नाही. निळा धागा, ४ किलो १००. दुसऱ्या दिवशी ३ किलो ६००. तिसऱ्या दिवशी त्या रकान्यात तिने फक्त एक आडवी रेघ मारली. त्या पानावर अशा सोळा रेघा आहेत. पाच पिल्ले वाचली, त्यांतले एकही मी विकले नाही. आगाऊ घेतलेले पैसे परत केले तेव्हा बँकेच्या खात्यात जे उरले त्यात चालू महिन्याचे खाद्यही येत नव्हते.

महिनाभरात आळेफाट्यापर्यंत बातमी पसरली, की त्यांच्या जागेत रोग आहे, तिथली माती बाधलेली आहे. पसरवली कोणी, हे मला तीन वेगवेगळ्या ग्राहकांनी त्याच्याच शब्दांत सांगितले. दुःख याचे की ते खरे होते. हा विषाणू मातीत महिनोन्महिने, कधी वर्षाहूनही अधिक टिकतो. पण जे मला फार उशिरा उमगले ते असे: त्याच्याकडची पिल्ले मरत नसत, कारण ती मरण्याआधी विकली जात. पस्तिसाव्या दिवशी दिलेले पिल्लू पन्नासाव्या दिवशी ग्राहकाच्या घरी मेले, तर ते ग्राहकाच्या नशिबाच्या खाती लागते. छप्पन्न दिवस ठेवणारा माणूस ती फट स्वतःच्या छताखाली पार करतो, म्हणून सोळा रेघा त्याच्याच वहीत येतात. हा हिशेब आजही पिल्लू पाहायला येणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जणांना पटत नाही; ते विचारतात, "लहान नाही का मिळणार?"

त्या दिवसांत फाटकाशी एकच गाडी येऊन थांबली. नारायणगावच्या पलीकडचे एक बागाईतदार, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, आमच्या पहिल्या वेतातली मादी घेऊन गेले होते आणि दर दोन-तीन वर्षांनी एक पिल्लू नेत होते. आबा आत आले नाहीत. चपला काढून त्यांनी ब्लीचच्या घमेल्यात पाय बुडवले, तिथेच उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, बागेत डाऊनीचा रोग आला म्हणून कोणी द्राक्ष लावायचं सोडतं का? पुढच्या वेतातली मादी माझी. पैसे धर." मी म्हणालो, "आबा, वर्षभर वेत घेणार नाही." ते म्हणाले, "मी कुठं उद्या मागतोय?" दहा हजार रुपये फाटकाच्या खांबावर ठेवून ते गेले. या आबांच्या बागेत रात्री कुत्रे मोकळे किंवा साखळीला बांधलेले कधी दिसणार नाही. ते मोटारीच्या खोलीत जाळीच्या दारामागे असते आणि तिथून भुंकते. बिबट्याच्या मुलखात साखळीला बांधलेले कुत्रे राखण करत नाही, ते ताटात वाढलेले असते. हे अनेकांना सांगून झाले, पुन्हा सांगतो.

आबांचे पैसे आणि पतसंस्थेचे कर्ज मिळून आम्ही जेसीबी बोलावला. कुत्र्यांच्या मैदानातली आठ इंच माती खरवडून काढली, पडीक कोपऱ्यातील खड्ड्यात टाकून वर चुना पसरला, मैदानात मुरूम दाबून उताराचा कोबा केला, आणि विणीच्या तिन्ही पेट्या जाळल्या. मामांनी बनवलेल्या पेट्या जाळताना मामाच काडी ओढायला पुढे झाले. चौदा महिने एकही मादी लागू केली नाही. त्या चौदा महिन्यांत मामांनी मोठ्या कुत्र्यांना बाहेरच्या लोकांसाठी शिकवून जे मिळवले त्यावर सगळ्यांचे खाणे निघाले, आणि चार आण्यांचा विषय याही वेळी निघाला नाही.

त्यानंतरची वर्षे सांगण्यासारखी नाहीत. वेते झाली, पिल्ले विकली गेली, कर्ज फिटले. मध्ये मॅलिनॉय या बेल्जियन जातीच्या कुत्र्यांची लाट आली. २०११ साली ओसामा बिन लादेनच्या घरावरील कारवाईत त्या जातीचे कुत्रे होते हे छापून आल्यापासून दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठीही लोक मॅलिनॉय मागू लागले. ज्याला रोज दोन तास पळवायची तयारी नाही त्याने ते घेऊ नये, त्याऐवजी सोफा घ्यावा, म्हणजे निदान तो फाडला जाणार नाही. २०१७ साली केंद्र सरकारने श्वानपैदाशीचे नियम काढले, आणि त्यांत आठ आठवड्यांखालील पिल्लू विकू नये, अठरा महिन्यांखालील मादी लागू करू नये, वर्षाला एकाहून अधिक वेत घेऊ नये, असे छापून आले. मी ते मामांना वाचून दाखवले. आठ आठवडे म्हणजे किती दिवस, असे त्यांनी मला मुद्दाम दोनदा विचारले. राजपत्र त्यांनी घडी करून खिशात ठेवले आणि महामार्गावरच्या त्या फलकासमोरून मला गाडी सावकाश न्यायला लावली. फलक आजही तिथे आहे, आणि पस्तीस दिवसांची पिल्लेही मिळतात.

गेल्या श्रावणात रात्री साडेदहाला फोन आला. बारा वर्षांनी आवाज ओळखला. "दादा," तो म्हणाला, "तेव्हा ब्लीच किती प्रमाणात घेतलं होतं?" मागे पिल्लू कण्हल्याचा आवाज येत होता. मी सांगितले: आधी साबणाने घाण पूर्ण धुऊन काढ, नाहीतर ब्लीच लागू पडत नाही, मग घरगुती ब्लीच एक भाग, पाणी तीस भाग, आणि फरशी दहा मिनिटे ओली राहिली पाहिजे. चपला जाळ. त्याने लिहून घेतले आणि फोन ठेवला. मातीचे त्याने विचारले नाही, आणि त्या रात्री मीही सांगितले नाही. आज ते इथे लिहिले आहे: आठ इंच.