अस्तरावरचा पहिला नंबर

बाहीची दुमड उसवली आणि मी हातातली कात्री खाली ठेवली.

कोट कोरेगाव तालुक्यातून आला होता. एक शेतकरी गृहस्थ मुलाच्या कॉलेजच्या कामासाठी पुण्याला आले, तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून घेऊन आले. "आमच्या आजोबांचा हाय, ताई. जर्मनच्या लढाईतला. कसर लागायला लागलीय, काहीतरी करा." जुन्या लष्करी गणवेशांचं जतन करणं आणि ते ज्यांच्या अंगावर होते त्या माणसांचा शोध घेणं, हे माझं काम. वडील पलटणीत शिंपी होते. सुट्टीच्या दिवशी शेजारी बसवून ते मला उसवायला द्यायचे, शिवायला नाही. कपडा आधी उलटा करून बघायचा, ही त्यांची शिकवण. समोरून कोट सरकारचा असतो, आतून ज्याचा त्याचा.

हा कोट म्हणजे बॅटलड्रेस. जाड, अंगाला टोचणारी खाकी सर्ज, कमरेपर्यंतच आखूड, खाली पट्टा आणि बक्कल. खिशांना चुण्या नव्हत्या आणि बटणं झाकणारी पट्टीही नव्हती. १९४२ पासून कापड आणि मेहनत वाचवायला ब्रिटिशांनी जो काटकसरीचा नमुना काढला, तो हा. आतल्या खिशापाशी लेबलवर बाणाची सरकारी खूण आणि उंची-छातीचं माप अंधुक दिसत होतं. कारखान्याचं नाव धुऊन गेलं होतं.

पहिला दिवस मी नुसतं बघण्यात घालवते. उजव्या खिशावर बिडीनं जळालेलं भोक. खालच्या कडेला काळ्या मातीचा थर. रात्री उसाला पाण्याची पाळी धरायला हा कोट घालून जायचे, आजोबा आणि त्यांच्यामागं वडीलसुद्धा, असं त्या गृहस्थांनी सांगितलं होतं. दोन्ही दंडांवर नाईक हुद्द्याच्या दोन फितींची गडद सावली होती. फिती केव्हाच निघाल्या होत्या, पण त्यांच्याखालचा रंग उडायचा राहिला होता. डाव्या कोपरावर ठिगळ, आणि ठिगळावर एकाआड एक धावदोऱ्याच्या ओळी. हा टाका पलटणीतल्या शिंप्याचा नाही. गोधडी शिवणाऱ्या बाईचा हात होता तो.

अशी माती मी काढत नाही. या कामात नवी होते तेव्हा पुण्याच्या जुन्या बाजारातून एक खाकी ड्रिलचा कोट घेतला होता, आणि कौतुकानं कोमट पाण्यात बुडवून ठेवला होता. सकाळी पाणी निळसर झालं होतं आणि कॉलरच्या आत जे काही लिहिलेलं होतं ते गेलं होतं. तो कोट आजही माझ्याकडे आहे. त्याचा माणूस मी माझ्या हातानं पुसला, आणि त्याचं दुःख कमी झालेलं नाही.

तर, बाही. दोन्ही बाह्या दीड-दीड इंच आत दुमडून हातशिलाईनं तुरपलेल्या होत्या. दुमडीत कसरीची अंडी असतात म्हणून टाके उसवले. आत दडलेली मूळ कड झिजून तिचे धागे सुटले होते. म्हणजे बाही आखूड करण्याआधी हा कोट कुणीतरी लांब बाहीनं, बरेच दिवस, वापरला होता. झिजलेली कड लपवायलाही बाही दुमडतात, हे कुणीही शिंपी सांगेल. पण त्यासाठी पाव इंच पुरतो, दीड इंच कुणी खात नाही. आजोबांच्या आधी हा कोट दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर होता, आणि तो माणूस हातानं लांब होता.

आतल्या खिशाच्या पांढऱ्या अस्तरावर एक नंबर होता. तो आजोबांचाच. भारतीय सैनिकांना दुसऱ्या महायुद्धाची जी पदकं मिळाली त्यांवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असे. ब्रिटिश सैनिकांना तीच पदकं कोरी मिळाली. आपल्याकडच्या शोधाला यासारखा आधार नाही. त्या गृहस्थांनी आजोबांच्या वॉर मेडलच्या कडेचा फोटो पाठवला आणि आकडे तंतोतंत जुळले. एरवी इथं काम संपलं असतं. पण त्या नंबराच्या वर शाईचा एक लांबट पट्टा होता. तोवर मी त्याला गळक्या पेनाचा डाग समजत होते.

आधी अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली पाहिलं. ही तपासणी मी प्रत्येक कपड्याची करते, कारण हल्ली खोटी नावं, खोटे शिक्के घालून साधे कोट महाग विकले जातात. आजच्या कितीतरी दोऱ्यांत चमक आणणारं रसायन असतं. ते या दिव्याखाली निळं-पांढरं पेटतं आणि लबाडी उघडी पडते. इथं काहीच पेटलं नाही. टाके जुने होते, शाई जुनी होती.

मग इन्फ्रारेड. एका जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या आतला फिल्टर मी काढून घेतलाय, त्यामुळे त्याला डोळ्यांना न दिसणारा प्रकाश दिसतो. पेनात भरायची रंगीत शाई या प्रकाशात पारदर्शक होते. काजळीची काळी शाई मात्र काळीच राहते. रात्रीचे साडेनऊ झाले होते, घरून दोनदा फोन येऊन गेला होता. एकच फोटो काढायचा आणि निघायचं असं ठरवून बटण दाबलं.

पट्टा नाहीसा झाला. त्याच्या जागी आकडे उभे होते. पाच आकडे, ठसठशीत, दौतीत बुडवलेल्या जाड टाकानं काढलेले. कुणीतरी नंतर त्यावर निळ्या शाईनं रेघा मारून ते झाकले होते आणि खाली आजोबांचा नंबर लिहिला होता. निळी शाई गेली, काळी राहिली. मी परत बसले.

त्या काळातला नुसता नंबर पुरत नाही. प्रत्येक रेजिमेंटची मोजणी वेगळी, त्यामुळे एकच नंबर पाच-सहा रेजिमेंटांत सापडतो. युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत मी तो घातला. या नोंदी फक्त मेलेल्यांच्या असतात. तो माणूस जिवंत घरी गेला असेल तर तिथं सापडणार नाही, आणि न सापडो असंच मला वाटत होतं. चार नावं आली. त्यांतलं एकच ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचं. पहिली बटालियन, आजोबांचीच. जिला आपल्याकडे जंगी पलटण म्हणतात ती.

शिपाई. वय २२. मृत्यू डिसेंबर १९४३. बापाचं नाव आणि कोकणातल्या एका गावाचं नाव. इंग्रज कारकुनानं कानाला पडलं तसं लिहिलेलं. अशी नावं डोळ्यांनी वाचून कळत नाहीत, मोठ्यानं म्हणावी लागतात. तिसऱ्यांदा म्हटल्यावर ते आपलं नाव झालं. ते इथं देत नाही, कारण त्याच्या घरच्यांना अजून विचारलेलं नाही.

ही पलटण ८ व्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. सप्टेंबर १९४३ मध्ये डिव्हिजन इटलीत तारांतोला उतरली आणि नोव्हेंबरअखेर ऐन पावसात सांग्रो नदी ओलांडून पुढं मोरो नदीकडे लढत गेली. चिखल, थंडी आणि प्रत्येक टेकडीवर जर्मन. इटलीत भारतीय सैन्याची साडेपाच हजारांहून जास्त माणसं गेली. सांग्रोच्या युद्धस्मशानात एक वेगळं स्मारक आहे. ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणं अग्नी दिला, त्या पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांची नावं त्यावर आहेत. अशी स्मारकं सगळ्या इटलीत तीनच. आमच्या शिपायाचं नाव त्यावर आहे. अग्नी दिलेल्याची कबर नसते. कोटावर मात्र गोळीचं भोक नव्हतं की रक्ताचा डाग नव्हता. मरताना तो त्याच्या अंगावर नव्हता, मागं ठेवलेल्या सामानात होता. असं सामान साफसूफ होऊन पुन्हा वाटलं जाई.

आजोबांची पलटणीतली सगळी नोंद, म्हणजे शीट रोल, मिळवायला पुढे पाच महिने गेले. वारसानं बेळगावला रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा लागतो, आणि अर्जाबरोबर वारस असल्याचे कागद. गृहस्थांनी न कंटाळता ते सगळं केलं. मधल्या काळात जुन्या लष्करी वस्तूंच्या एका व्यापाऱ्याच्या कानावर हे गेलं. "दोन नावांचा कोट, त्यातलं एक शहीदाचं," म्हणून त्यानं आकडा सांगितला. त्यात मुलाच्या कॉलेजची दोन वर्षांची फी निघाली असती. गृहस्थ म्हणाले, "ताई, आत्याला विचारल्याबिगर काय न्हाई."

शीट रोल आला. आजोबा पलटणीत दाखल झाले फेब्रुवारी १९४४ मध्ये, पडलेल्यांच्या जागा भरायला आलेल्या तुकडीतून. म्हणजे त्या शिपायाला त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तो गेल्यावर दोन महिन्यांनी त्याचा कोट यांच्या हातात पडला. मग इटलीतल्याच कॅसिनो गावाची लढाई, मग उत्तरेचे डोंगर, मग एप्रिल १९४५ मधली सेनिओ नदी. नामदेव जाधवांनी जखमींना पाण्यातून पाठीवर काढलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं ती हीच लढाई, हीच पलटण. एवढे दिवस आतल्या खिशात हात घालताना आजोबांना तो खोडलेला नंबर दिसत असणार.

मी कोट घेऊन गावी गेले. आत्या म्हणजे आजोबांची मुलगी, अठ्ठ्याहत्तरीच्या. ओसरीत पोत्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. कोट पाटावर ठेवला तसा त्यांनी पहिल्यांदा कोपराचं ठिगळ चाचपलं. "आईचा टाका. गोधडीचा दोरा हाय." मग तिसरं बटण धरलं, जे बाकीच्यांपेक्षा लहान होतं. "ह्ये मी लावलं. शाळंत जात व्हते तवा." माझ्या वहीत त्या बटणापुढं मी 'अज्ञात' लिहिलं होतं. तिथंच बसून खोडलं.

बाहीचं सांगितलं, नंबराचं सांगितलं. त्या शेंगा फोडायच्या थांबल्या.

"तात्या खंडेनवमीला ह्यो कोट पाटावर ठेवायचं. नांगराचा फाळ, कोयता, विळा आन् ह्यो. हळदकुंकू वाहायचं. आईनं इचारलं एकदा, हत्यारांत कोट कशाला? तर म्हनलं, ह्यो माझा न्हाई." त्यांनी भाच्याकडे बघितलं. "आमास्नी वाटलं, सरकारचा म्हनत्यात."

बराच वेळ कुणी बोललं नाही. आत चुलीवरचं दूध उतू गेलं, तेव्हा सून पळाली.

"किती वयाचा व्हता?"

"बावीस."

"लगीन झालेलं?"

नोंदीत फक्त बापाचं नाव आहे, असं सांगितलं. त्यांनी अस्तर उलटं करायला लावलं. मी इन्फ्रारेडचा फोटो पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला आणि शाईच्या पट्ट्यावर बोट टेकवलं. "वाच." मी एकेक आकडा वाचत गेले आणि त्या माझ्यामागून प्रत्येक आकडा म्हणत गेल्या, पोथी सांगताना मागून म्हणतात तसा.

व्यापाऱ्याचा विषय भाच्यानं काढलाच नाही. आत्या म्हणाल्या, "तू कोकणात जाशील तवा ह्यो घिऊन जा. त्येच्या घरच्यास्नी अंगाला लावू दे. ठेवून घितला तरी चालंल."

नोंदीत जिल्हा रत्नागिरी आहे, पण १९८१ पर्यंत सिंधुदुर्गही त्यातच होता. त्या नावाची दोन गावं मला सापडलीत, एक खेडच्या बाजूला, एक कणकवलीच्या. त्या आडनावाची घरं दोन्हीकडे आहेत. इतर वेळी निम्म्या घरांना कुलूप असतं, पण गणपतीला मुंबईहून सगळी माणसं येतात आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी ऐकायला घर भरलेलं असतं. तेव्हा दोन्ही गावांना जायचं ठरलंय. कोट धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवलाय. बाहीची दुमड पुन्हा घातलेली नाही.