तापीकाठची काळी, सातपुड्याचा मुरूम आणि कोनफळ

सारंगखेड्याच्या दत्तयात्रेतला घोडेबाजार पाहायला आलेले लोक बहुधा तेथूनच माघारी फिरतात. मी मात्र या मार्गशीर्षात तेथून शहाद्याला आणि पुढे म्हसावदवरून घाट चढून धडगावपर्यंत गेलो, कारण कोनफळाचे वेल वाळून कंद काढण्याचा हाच काळ असतो आणि नदीकाठचा कंद डोंगरावरच्या कंदाहून कसा वेगळा निघतो, हे मला शेतात उभे राहून पाहायचे होते. (सुरणाशी याची गल्लत करू नये, सुरण अळूच्या कुळातला, तर कोनफळ म्हणजे वेलीच्या मुळाशी जमिनीत वाढणारा कंद.)

शहाद्याच्या परिसरातील काळी जमीन कापूस, ऊस, केळी आणि पपई यांना मानवते, पण कंदाच्या बाबतीत तिची ख्याती फारशी उपयोगी पडत नाही. ज्यांच्या बांधावर कोनफळ लावलेले होते, ते आप्पा कुदळ बाजूला ठेवत म्हणाले, "काळीमा कांद वाकडा व्हस, भाऊ." काढलेला कंद खरोखरच हाताच्या पंजासारखा फुटलेला होता. भारी काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि पुढे आकसून टणक होते. खाली वाढत जाणारे कंदाचे कोवळे टोक तेथे अडते आणि मग तो मिळेल त्या बाजूने बोटे फोडतो. अशा कंदाची साल काढताना बराच गर वाया जातो आणि सांदीत अडकलेल्या ओलसर मातीमुळे कुजही लवकर लागते. आप्पांनी तेच बेणे नदीकडच्या पोयट्याच्या, म्हणजे भुसभुशीत गाळाच्या, पट्ट्यात उंच वरंब्यावर लावले होते. तेथला कंद लांब, गुळगुळीत आणि पातळ सालीचा होता. दोन्ही कापून पाहिले तेव्हा गराचा जांभळा रंग मात्र सारखाच निघाला.

माझ्या मते या विषयाचे मर्म याच दोन फोडींत आहे. जांभळा रंग ज्या अँथोसायनिन रंगद्रव्यांमुळे येतो, ती मुळात वाणाची देणगी असते. पांढऱ्या गराचे बेणे कोणत्याही मातीत लावले तरी जांभळे होत नाही. पिष्टाचा स्वभाव, चिकटपणा आणि चिरल्यावर हवेत काळे पडण्याची प्रवृत्ती यांवरही वाणाचीच छाप असते. पश्चिम आफ्रिकेत कंद उकडून कुटून त्याचा लवचिक गोळा करतात, त्यासाठी तेथे पांढऱ्या यामला, म्हणजे कोनफळाच्याच जातकुळीतल्या एका कंदाला, पसंती मिळते, कारण आपल्या कोनफळात सहसा पाण्याचा अंश अधिक आणि गोळ्याचा ताण कमी असतो. तिरुवनंतपुरम येथे 1963 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेनेही कोनफळाचे श्री कीर्ती व श्री रूपा आणि पांढऱ्या यामचे श्री प्रिया व श्री धन्या असे वेगवेगळे वाण दिले आहेत. मात्र उत्तम वाण घेतला की काम झाले, असे मानणाऱ्यांनी शहाद्याचा तो बांध अवश्य पाहावा.

घाट चढून गेल्यावर जमीन उथळ आणि मुरमाड होते. धडगावकडच्या एका उतारावर, झाडावर चढवलेल्या वेलीखालून काढलेले कंद आकाराने लहान होते, परंतु शिजल्यावर ते पिठूळ झाले आणि चवीला मला खालच्या कंदांपेक्षा सरस वाटले. ताज्या कंदात साधारणपणे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश पाणीच असते. उरलेल्या घन भागात मुख्यतः पिष्ट असते आणि हा भाग जितका जास्त तितका कंद शिजल्यावर मोकळा होतो. उतारावर पाऊस थांबताच निचरा होतो आणि वेल वाळत असताना मुळाशी पाणी राहत नाही. याउलट खाली उसाच्या पाटाशेजारचा वेल मार्गशीर्षातही हिरवा होता, आणि अशा अपक्व कंदाचा गर पाणचट लागतो. नत्र जास्त झाल्यासही पाला माजतो. कंद भरण्यासाठी पालाश (पोटॅश) हवे.

लहान आकाराला मात्र केवळ मुरूम कारणीभूत नसतो. दिवस लहान होऊ लागले की वेल कंद भरण्याकडे वळतो. आठ-नऊ महिन्यांच्या या पिकाची लागवड पावसाची वाट पाहत लांबली, तर भाद्रपद-आश्विनात दिवस आखडतात तेव्हा वेलीवर पुरेसा पालाच नसतो. पाण्याची सोय नसलेल्या डोंगरावर हे अनेकदा घडते, आणि वाण चांगला असूनही पदरात मूठभर कंद पडतात.

काढणीनंतरही परिस्थिती आपला प्रभाव सोडत नाही. कोनफळ साधारण 12 अंश सेल्सिअसखाली फार काळ राहिले की गर आतून तपकिरी पडतो. खानदेशात पौषातल्या कित्येक रात्री पारा याहून खाली जातो, त्यामुळे आप्पांच्या ओसरीत कंदांचा ढीग कडब्याखाली झाकलेला होता. फ्रिजमध्ये कंद ठेवणाऱ्या शहरी मंडळींनी याची नोंद घ्यावी. दोन-तीन महिन्यांची सुप्तावस्था संपून कोंब फुटू लागले की साठवलेले पिष्ट त्यांच्या वाढीसाठी खर्च होते आणि कंद सुरकुततो, म्हणून महाशिवरात्रीच्या बाजारात वजनाला जड, घट्ट आणि कोंब न आलेला कंद निवडावा. आप्पा कंदाचे डोके बेण्यासाठी कापून ठेवतात, कारण ते शेपटाकडच्या तुकड्यापेक्षा लवकर उगवते. पुढच्या हंगामात हे सगळे बेणे पोयट्यातच लावणार असल्याचे त्यांनी सांगितले; बांधावर तूर येईल.