लाल दिसतंय, मग होल का चुकतं?

माझं काम चुंबकीय मोजणीवरून जमिनीखालचं खनिज शोधायचं, आणि साताऱ्याला घरी आलो की हा प्रश्न ठरलेला. गेल्या दिवाळीत मेव्हण्यानं विचारला, "दाजी, कॉम्प्युटरवर जमिनीखाली लालभडक दिसतंय म्हणता, मग तिथंच बोअर मारायची की! फेल कशी जाते?" तुमच्यापैकीही अनेकांनी विचारलंत, म्हणून लिहितो.

लाल रंग खनिजाचा नसतो, मोजणीतल्या चढ्या आकड्यांचा असतो. मॅग्नेटोमीटर त्या जागेचं चुंबकीय क्षेत्र नॅनोटेस्लात मोजतो, आणि त्यातली कमीजास्त बहुतेक वेळा मॅग्नेटाइटमुळे, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजामुळे असते. सोनं त्याला दिसतच नाही; शेजारी मॅग्नेटाइट किंवा पायरोटाइटसारखं दुसरं चुंबकीय खनिज असेल तर माग लागतो, एवढंच. आपल्या अजिंक्यताऱ्याच्या काळ्या दगडात असे कण भरपूर, पण तिथं खाण काढायला कोण येणार?

खरी गोम पुढे आहे. वरच्या आकड्यांवरून खालचा दगड ओळखायचं हे उलटं गणित, आणि त्याला उत्तरं अनेक. खोलवरचं आटोपशीर धूड आणि वरचा पसरट थर जवळजवळ सारखेच आकडे देऊ शकतात. सॉफ्टवेअर सहसा त्यातलं गुळगुळीत उत्तर उचलतं. पडद्यावर बटाट्यासारखा गोळा दिसतो आणि खाली असतो दहा मीटर जाडीचा तिरका पत्रा.

नवखा होतो तेव्हा कर्नाटकात, मॅग्नेटाइटच्या पूर्व-पश्चिम पट्ट्यावर, मी नकाशावरच्या सर्वांत मोठ्या आकड्यावर होलची खुंटी ठोकली. आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ, त्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा इथं आडव्याकडे झुकलेल्या. मोठा आकडा दगडाच्या डोक्यावर न बसता दक्षिणेला सरकतो, उत्तरेला आकडे पडतात, आणि दगड मध्येच कुठेतरी. हे शिकलेलो, पण घाई होती. 140 मीटर कोअर, म्हणजे होलमधून काढलेला दगडाचा दांडा, निघाला. पेटीतल्या एकेका तुकड्याजवळ दोऱ्याला बांधलेला चुंबक धरत गेलो. तो गपचूप सरळ लोंबत राहिला. ड्रिलर बिडी विझवून म्हणाला, "साहेब, लोहचुंबक बिघडला वाटतं." मी दुसरा मागवला नाही.

त्यात दगडाचं स्वतःचं जुनं चुंबकत्व वेगळंच. आपल्या सह्याद्रीतला बराचसा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थंड झाला, तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते. ती दिशा त्यात गोठून राहिली. साधं मॉडेल मात्र दगडाला आजच्याच दिशेनं चुंबकित धरतं.

कोयनेचंच बघा. 1967 च्या भूकंपानंतर तिथल्या खोल खडकाचा अभ्यास चालूच आहे. आधी हवेतून चुंबकीय आणि गुरुत्वीय सर्वेक्षण केलं, तरी गोठणे गावात सुमारे 3 किलोमीटरची बोअर घ्यावीच लागली. बेसाल्ट 1247 मीटरला संपून खालचा ग्रॅनाइट लागला. खनिजाचा शोध नव्हता तो, पण रीत तीच.

आता मी दोन-तीन मॉडेलं बनवतो, सगळी आकड्यांना सारखीच जुळणारी, आणि ती जिथं एकमेकांशी भांडतात तिथं पहिलं होल मागतो. पत्रा आडवा छेदला जावा म्हणून ते तिरकं, बहुतेकदा 60 अंशांत. मग कोअरच्या प्रत्येक मीटरची चुंबकशीलता, म्हणजे दगड किती सहज चुंबकित होतो ते, हातातल्या यंत्रानं मोजून मॉडेलला परत खायला घालायची. एखादं मॉडेल तिथंच मरतं.

मेव्हण्यानं चकलीचा तुकडा मोडला. "म्हणजे फेल जाणारी बोअर मुद्दाम मारता?"

"कधीकधी, हो."