तुम्ही विचारलंत म्हणून: आडनाव बदललं, मग गाव कसं सापडलं?

प्रश्न नेहमी तोच असतो, कधी नवऱ्याच्या नात्यातलं कुणी विचारतं, कधी इथल्या सिनेगॉगमधलं, कधी फोनवर ठाण्याची माझी मावसबहीण, की एलिस आयलंडवरच्या (न्यूयॉर्क बंदरातलं, बाहेरून येणाऱ्यांना तपासायचं ठाणं) साहेबांनी म्हणे आडनावच बदलून टाकलं, मग तुम्हाला सासूबाईंच्या आजोबांचं गाव सापडलं कसं? एकदा नीट लिहूनच टाकते.

आधी हे की तिथे नाव कुणी बदलत नव्हतं. प्रवाशांची यादी जहाज सुटायचं त्या बंदरातच, हॅम्बर्ग, ब्रेमेन, रॉटरडॅम, जिथून असेल तिथे, बोटकंपनीचे कारकून भरायचे आणि न्यूयॉर्कला इन्स्पेक्टरच्या पुढ्यात तीच तयार यादी असायची, तो दुभाषा घेऊन ओळ न ओळ तपासायचा. नावं बदलली ती लोकांनी स्वतः, नंतर, कामावर, शाळेत, नागरिकत्व घेताना. मी यावर इतका जोर देते कारण "तिथेच बदललं" असं एकदा मनात बसलं की माणूस शोधायचंच सोडून देतो, आणि जुनं नाव तर त्या यादीत जसंच्या तसं वाट बघत असतं.

मी माहेरची बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमच्यात पेणकर, रोहेकर, नागावकर, आडनाव सांगितलं की कोकणातलं गाव कळलंच. सासरी तसं काही नाही. पूर्व युरोपातल्या ज्यूंना कायम आडनावं लावायला लावली ती सरकारी हुकमाने, ऑस्ट्रियात १७८७ ला, रशियात १८०४ ला, त्यामुळे आडनावात गाव असेलच असं नाही. घरात फक्त एक शब्द उरला होता, ग्रोडनो. आता ग्रोडनो हे शहरही आणि त्या वेळच्या रशियातला अख्खा प्रांतही, म्हणजे कुणी "रत्नागिरीचे" म्हणावं आणि गाव निघावं दापोलीकडचं.

म्हणून मी उलटी चालत गेले. आधी यादी नाही, आधी नागरिकत्वाचे कागद काढले. १९०६ च्या कायद्यानंतर आलेल्यांना अर्जात जहाजाचं नाव आणि उतरल्याची तारीख द्यावी लागायची आणि सरकार ते जहाजाच्या यादीवरून पडताळून बघायचं. आजोबांच्या अर्जात जहाज होतं, १९०९ साल होतं, आणि घरात ठाऊक असलेल्या मॉरिस या नावाच्या जागी होतं मोव्शा! मग जहाजांच्या याद्या शोधायच्या स्टीव्ह मोर्सच्या वेबपानावर (इंटेलचा ८०८६ प्रोसेसर ज्यांनी डिझाइन केला तेच हे) आडनाव पूर्ण न टाकता पहिली दोन अक्षरं, वय आणि साल एवढंच टाकलं आणि अकराव्या नावावर थांबले.

ते पान मी किती वेळा मोठं करून बघितलंय काय सांगू. देश रशिया, वंश हिब्रू, धंदा टॅनर (कातडी कमावणारा), शेवटचा मुक्काम "ग्रोडनो", झालं, पुन्हा तेच! पण १९०७ पासून एक रकाना वाढला होता, मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता, आणि तिथे तिरक्या अक्षरात होतं, वडील, लेइब, क्रिनेक. क्रिनेक हे यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) नाव, पोलिशमध्ये क्रिंकी, कातडी कमावण्याच्या कारखान्यांचं गाव. टॅनर का ते तिथे जुळलं. आणि ग्रोडनो शहर आज बेलारूसमध्ये आहे, क्रिंकी सीमेच्या अलीकडे पोलंडमध्ये, म्हणजे आम्ही इतकी वर्षं देशच चुकीचा धरला होता.

तुम्ही शोधाल तेव्हा बायकांच्या ओळी सोडू नका. आजी दोन वर्षांनी दोन मुलं घेऊन आल्या, नावापुढे "एक्स" होता, म्हणजे थांबवून ठेवलेलं. एकट्या बाईला सहसा कुणी न्यायला आल्याशिवाय सोडत नसत. अशांची वेगळी यादी त्याच जहाजाच्या पानांच्या शेवटी असते, त्यात कारण "नवऱ्याकडे", आणि पुढे नाश्ता, दुपारचं, रात्रीचं जेवण किती वेळा दिलं त्याचे आकडे. त्या आकड्यांवरून कळलं की त्या एक रात्र तिथे होत्या. त्या दोन मुलांतला धाकटा म्हणजे सासूबाईंचे वडील.

युरोपच्या बाजूने शोधायचं तर हॅम्बर्गच्या १८५० ते १९३४ च्या याद्या बऱ्याचशा शिल्लक आहेत. ब्रेमेनच्या नाहीत, १८७५ ते १९०८ मध्ये जागा नाही म्हणून तिथल्यांनीच जुन्या याद्या नष्ट केल्या आणि उरलेल्या बऱ्याचशा दुसऱ्या महायुद्धात गेल्या. आमचे ब्रेमेनवरूनच आले होते, म्हणून न्यूयॉर्कची ती एकच प्रत. आणि तुमचं माणूस न्यूयॉर्कला नाही सापडलं तर बॉस्टन, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, गॅल्व्हस्टन बघा, कॅनडातून खाली आलेलेही पुष्कळ आहेत.

प्रिंट काढून सासूबाईंना दिली. त्यांनी बोट ठेवून तो रकाना वाचला आणि म्हणाल्या, लेइब, म्हणून काकांचं नाव लुई! लेइबचं अमेरिकेत लुई झालं. सासरच्या लोकांत वारलेल्या माणसाचं नाव बाळाला ठेवतात, काका अमेरिकेत जन्मले १९२० मध्ये, आणि हे नाव कुणाचं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.