येऊर चढता, मग लेहला डोकं का गरगरतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: ‘ठाण्यात उपवनपासून येऊरच्या डोंगरापर्यंत धावत जातो, पाम बीच रोडवर २१ किलोमीटर आरामात होतात. मग लेहला हॉटेलचे दोन जिने चढलो तर पाय ठणठणीत आणि डोकंच का गरगरतं? मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो का?’

पडू शकतो. आणि तुमच्या फिटनेसचा त्याच्याशी फार कमी संबंध आहे.

येऊर काहीशे मीटरचं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाईसुद्धा १६४६ मीटर, तिथे रक्तातला ऑक्सिजन फारसा हलत नाही. लेह ३५०० मीटरच्या आसपास. हवेतला ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच असतो, पण दाब उतरलेला असतो. ठाण्यात श्वासनलिकेत पोचलेल्या हवेत ऑक्सिजनचा दाब साधारण १५० मिमी (पाऱ्याच्या उंचीत मोजलेला), तर लेहला ९५ च्या जवळपास. विमान हा फरक तीन तासांच्या आत अंगावर टाकतं. जिममध्ये मिळणारे ‘अल्टिट्यूड मास्क’ यावर उपाय नाहीत. ते हवा ओढायला अडथळा करतात, दाब कमी करत नाहीत. पैसे वाचवा.

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण बसल्या जागी तो एकूण ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा वापरतो आणि शिल्लक जवळपास काहीच ठेवत नाही. त्याला दर मिनिटाला किती ऑक्सिजन मिळतो हे दोन गोष्टींवर ठरतं: रक्त किती येतं आणि त्या रक्तात ऑक्सिजन किती आहे. हिमोग्लोबिन १५ (१०० मिली रक्तात १५ ग्रॅम) आणि सॅच्युरेशन, म्हणजे त्यातलं किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलं आहे तो आकडा, ९८ असेल तर १०० मिली रक्तात जवळजवळ २० मिली ऑक्सिजन असतो. सॅच्युरेशन ८० वर आलं की १६. तेवढाच पुरवठा हवा तर रक्तप्रवाह २५ टक्क्यांनी वाढायला हवा. मेंदू ते करतो. ऑक्सिजन कमी झाला की त्याच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. अमेरिकन संशोधक जॉन सेव्हरिंगहाउस आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटनवर, ३८१० मीटरवर मोजमाप केलं (१९६६ मध्ये प्रसिद्ध), तेव्हा पोचल्यानंतर काही तासांत मेंदूचा रक्तप्रवाह २४ टक्के वाढलेला होता, आणि तीन ते पाच दिवसांनी ती वाढ १३ टक्क्यांवर आली होती.

खरी ओढाताण इथून पुढे आहे. ऑक्सिजन कमी झाला की श्वास आपोआप जलद होतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो. आणि कार्बन डायऑक्साइड उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. रक्तातला त्याचा दाब १ मिमीने कमी झाला की प्रवाह साधारण ३ टक्क्यांनी घटतो. म्हणजे एकाच वेळी एक हात नळ उघडतोय आणि दुसरा बंद करतोय.

यात व्यायाम आला की काय होतं? रमतगमत चालताना, मध्यम जोरात धावताना मेंदूचा प्रवाह थोडा वाढतो. कमाल क्षमतेच्या साधारण ६० टक्क्यांपलीकडे गेलात की धाप लागते, कार्बन डायऑक्साइड घसरतो आणि वाढलेला प्रवाह परत खाली येऊ लागतो. ठाण्यात हे खपून जातं, कारण रक्त ऑक्सिजनने भरलेलं असतं. उंचीवर तसं नसतं. तिथे जोर लावला की सॅच्युरेशनही आणखी पडतं. बसलेलं असताना फुप्फुसाच्या केशवाहिनीतून रक्त सुमारे पाऊण सेकंदात जातं. जोरात धावताना हा वेळ निम्म्याहून कमी होतो, आणि दाब आधीच कमी असल्याने रक्त पुरतं भरायच्या आत पुढे निघून जातं. रक्तात ऑक्सिजन कमी, त्यात प्रवाहही उतरणीला. म्हणून पायांत ताकद असताना डोकं ‘बास’ म्हणतं.

कपालभाती करणाऱ्यांना इथे कळकळीने सांगतो. लेहला धाप लागल्यावर मुद्दाम भराभर श्वास सोडू नका. ऑक्सिमीटरचा आकडा त्याने चढेल आणि तुम्हाला बरं वाटेल, पण बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतील, गरगरणं वाढेल. कार्बन डायऑक्साइड घसरल्याची ती खूण. शरीर स्वतःहून जितका श्वास वाढवतं तितका वाढू द्या. त्यावर आपली भर घालू नका.

वेग असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं. घड्याळातला ठाण्याचा पेस विसरा. लेहला कमाल क्षमताच साधारण पाचव्या हिश्शाने कमी झालेली असते, म्हणजे इथला ‘आरामात’ तिथे ‘जोरात’ असतो. पहिले दोन दिवस धावणं नकोच. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा.

ऑक्सिमीटर लावताना पाच मिनिटं शांत बसा, बोट चोळून गरम करा, नेलपॉलिश काढा, आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. थंडगार बोट खोटं बोलतं. चढून आल्यावर आकडा पडेल, थांबल्यावर परत वर यायला हवा. येत नसेल तर तो दिवस विश्रांतीचा.

एक गोष्ट मात्र इथूनच करून जा: हिमोग्लोबिनची तपासणी. हिमोग्लोबिन १० असेल तर ठाण्यात, ९८ सॅच्युरेशनला, १०० मिली रक्तात ऑक्सिजन १३ मिलीच असतो. १५ हिमोग्लोबिनवाल्याला ८० सॅच्युरेशनला १६ मिळतो. बायकांनी ही तपासणी निघण्याच्या दोन-तीन महिने आधी करावी, कमी निघालं तर भरून यायला तेवढा वेळ लागतो.

डोकेदुखी, मळमळ असेल तर वर जाऊ नका. बोलणं अडखळतंय, वागणं वेगळं वाटतंय, असं दिसलं तर जमिनीवरच्या सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत चालायला सांगा. तोल गेला तर मेंदूला सूज येत असल्याचं धरून चाला. ही परीक्षा सोबत्याने घ्यायची, कारण त्या माणसाला स्वतःला ‘मी ठीक आहे’ असंच वाटत असतं. ट्रेकवर असाल तर रात्र असली तरी खाली उतरवा, निदान ३०० मीटर, शक्य तर हजार, आणि एकट्याला पाठवू नका. लेहहून मात्र श्रीनगर आणि मनाली दोन्ही रस्त्यांवर ४००० मीटरच्या वरच्या खिंडी आडव्या येतात. तिथे गाडी शोधत बसू नका, आधी हॉस्पिटल गाठून ऑक्सिजन सुरू करा.